दुसरी सही

नोव्हेंबर २०२५च्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांच्या फोनवर एकच बातमी फिरत होती. एअरबस ए-३२० जातीच्या विमानांत काहीतरी दुरुस्ती करायची आहे, फ्लाइट्स उशिरा सुटतील, घरातून निघण्याआधी स्टेटस बघा. त्यातलं 'काहीतरी' काय होतं, ते शोधायला बऱ्याच जणांना सवड नव्हती. आमच्या घरी मात्र सकाळच्या चहापासून तोच विषय होता.

झालं होतं असं. ३० ऑक्टोबरला मेक्सिकोतल्या कानकूनहून अमेरिकेतल्या न्यूअर्कला निघालेल्या जेटब्लूच्या ए-३२०ने उडता उडता अचानक नाक खाली घातलं. वैमानिकाने तसं काही सांगितलेलं नव्हतं. प्रवासी जखमी झाले, विमान टॅम्पाला उतरवावं लागलं. तपासात संशय गेला तो एका कॉम्प्युटरवर. एलॅक त्याचं नाव. शेपटीवरचे एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारे) आणि पंखांवरचे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारे) यांना हुकूम देणारा हा कॉम्प्युटर. एअरबसचं म्हणणं पडलं की सूर्याकडून येणारं तीव्र प्रारण त्यातला डेटा बिघडवू शकतं. जगभरातली सुमारे सहा हजार विमानं या यादीत आली. बहुतेकांत सॉफ्टवेअरची आधीची आवृत्ती परत टाकायची, दोन-तीन तासांचं काम. काही जुन्या विमानांत कॉम्प्युटरच बदलायचा. युरोपच्या नियामकाने तातडीचा आदेश काढला, पाठोपाठ आपल्या डीजीसीएने. भारतातल्या तीनशेहून जास्त विमानांना रविवारी पहाटे ५ वाजून २९ मिनिटांपर्यंतची मुदत. हा विचित्र आकडा म्हणजे लंडनच्या घड्याळात रात्रीचे ११:५९.

बाबांनी ही सगळी बातमी चष्मा कपाळावर सरकवून, फोन नाकाजवळ धरून वाचली आणि एवढंच विचारलं, "सॉफ्टवेअर टाकलं ते ठीक. पण दुसऱ्यांदा बघितलं कोणी?"

बाबा एचएएलच्या ओझरच्या कारखान्यात सदतीस वर्षं होते. १९८१ला लागले, २०१८ला निवृत्त झाले. नाशिकबाहेरच्या लोकांसाठी सांगते, गावाचं नाव ओझर, पण आमच्याकडे कित्येक जण अजून 'ओझर मिग' म्हणतात. १९६४ साली मिग-२१ बांधण्यासाठी हा कारखाना उभा राहिला आणि विमानाचं नाव गावाला चिकटलं. सप्टेंबर २०२५मध्ये चंदीगडला मिग-२१ला निरोप दिला गेला, पुढच्याच महिन्यात ओझरला बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं, पण गावाचं नाव काही कोणी 'ओझर तेजस' करणार नाही.

मशीनबद्दल घरी बोलायचं नाही, ही बाबांची शिस्त. लहानपणी आम्हांला एवढंच माहीत की बाबा 'कंट्रोल'मध्ये आहेत. मला वाटायचं, ते कुणालातरी कंट्रोल करतात. पुढे सातवी-आठवीत माझ्या सायकलचा ब्रेक त्यांनी अंगणात खोलला तेव्हा पहिल्यांदा थोडं कळलं. केबल बसवून झाल्यावर ते मला म्हणाले, "आता तू तपास. मी काय केलं ते विचारू नकोस. ब्रेक कसा असायला हवा ते तुला माहितीय ना? मग तसा आहे का ते बघ."

विमानाच्या कारखान्यात याला ड्युप्लिकेट इन्स्पेक्शन म्हणतात. लष्करी असो की प्रवासी, जगभर ही पद्धत आहे. विमानाचा इतर भाग खोलून परत बसवला, तर तपासून एक सही पुरते. पण स्टिकपासून एलेरॉनपर्यंत, पायाखालच्या पेडलपासून रडरपर्यंत जी साखळी जाते, तिच्यातली एक पिन जरी काढली, तरी दोन माणसांनी वेगवेगळं तपासायचं आणि दोघांनी सही करायची. पहिल्याची तपासणी झाल्यावर दुसरा येणार. मधल्या वेळात कोणी साधा नट जरी परत फिरवला, तर दोन्ही तपासण्या पुन्हा पहिल्यापासून.

तपासायचं काय, हे बाबांनी निवृत्तीनंतर सांगितलं. आणि ते इतकं साधं निघालं की मी चाटच पडले. रॉडच्या टोकाला एक बारीक भोक असतं. त्यातून तार घालून बघायची. तार आरपार गेली, तर आतला आटा पुरेसा फिरवलेला नाही, रॉड कधीतरी निसटेल. तार अडली पाहिजे. लॉकिंग वायर अशी पिळलेली हवी, की नट सैल व्हायला निघाला तर तारेचा ओढा त्याला घट्ट करण्याच्या बाजूला पडेल. स्प्लिट पिनचे पाय नीट वाकवलेले हवेत. मग आरसा आणि टॉर्च घेऊन, राहिलेलं हत्यार, चिंधी, सुटा वॉशर काही आत नाही ना. आणि सगळ्यात शेवटी, एक जण कॉकपिटमध्ये, एक जण खाली. स्टिक डावीकडे, तर डावा एलेरॉन वर आणि उजवा खाली. स्टिक मागे, तर मिगची आडवी शेपटी (ती अख्खीच्या अख्खी हलते) नाक वर नेईल अशी फिरली पाहिजे. पूर्ण फिरते का, न अडखळता फिरते का, आणि योग्य दिशेला फिरते का.

योग्य दिशेला, हे वाचून हसू येईल. मलाही आलं होतं. उलटं कोण बसवेल? पण १९४७ साली इंग्लंडमध्ये लँकेस्टर बॉम्बरचा रचनाकार रॉय चॅडविक ज्या विमानात मेला, त्या अॅव्हरो ट्यूडरच्या एलेरॉनच्या केबल्स उलट्या जोडलेल्या होत्या. २००१मध्ये फ्रँकफर्टहून उडालेल्या लुफ्तान्साच्या ए-३२०मध्ये कॅप्टनच्या साइडस्टिकचं वायरिंग उलटं होतं. सहवैमानिकाची स्टिक बरोबर होती म्हणून सगळे वाचले. आणि २०१८मध्ये, म्हणजे कालपरवा, पोर्तुगालमध्ये मोठी दुरुस्ती करून निघालेलं एअर अस्तानाचं एम्ब्रेअर विमान हवेत गेल्यावर कळलं की एलेरॉनच्या केबल्स उलट्या आहेत. दीड तास ते विमान आकाशात लोळत होतं. तिसऱ्या प्रयत्नात बेजाच्या धावपट्टीवर टेकलं, आतले सहाही जण जिवंत. त्या विमानात उडण्याआधी इशारा देणारा संदेश दिसला होता. कित्येक दिवस त्याचं मूळ शोधण्यात गेले. स्टिक फिरवून खिडकीबाहेर पंख कुठे जातोय हे नीट बघितलं असतं, तर कळलं असतं.

दुसरी तपासणी म्हणजे तावीज नव्हे, हेही सांगायला हवं. अलास्का एअरलाइन्सचं २६१ क्रमांकाचं विमान ३१ जानेवारी २००० रोजी समुद्रात पडलं, ८८ माणसं गेली. शेपटी वर-खाली करणारा एक लांब स्क्रू असतो, त्याच्या नटचे आटे ग्रीस नीट न मिळाल्यामुळे झिजून साफ झाले होते. ग्रीस करण्यातलं आणि झीज मोजण्यातलं अंतर कंपनीने मंजुरी घेऊन वाढवत नेलं होतं. त्याआधी १९९७मध्ये एका मेकॅनिकने तो नट बदलायला हवा असं लिहिलं होतं. पुढच्या शिफ्टने पुन्हा मोजलं, झीज मर्यादेत आहे असं ठरवलं आणि नट तसाच राहिला. तिथे दुसऱ्या नजरेने पहिलीला खोडून काढलं.

आणि २००३ साली अमेरिकेतल्या शार्लट शहरात एअर मिडवेस्टचं एक छोटं विमान उडताक्षणी कोसळलं, २१ जण मेले. मागे जास्त वजन होतं, आणि नाक खाली आणायला एलेव्हेटर पुरेसा हलत नव्हता. त्याची केबल बसवणारा माणूस हे काम पहिल्यांदा करत होता. त्याला शिकवत होता इन्स्पेक्टर. काही पायऱ्या गाळल्या तरी चालतील असं इन्स्पेक्टरच म्हणाला, आणि मग त्याच इन्स्पेक्टरने तपासणीची सही केली. कागदावर दोघे होते. नजर एकच होती. त्यानंतर ते विमान नऊ वेळा व्यवस्थित उडालं होतं, हे मला सगळ्यात भीतीदायक वाटतं.

ही गोष्ट मी बाबांना सांगितली, तेव्हा त्यांनी त्यांचं एक गुपित सांगितलं. टाउनशिपमध्ये त्यांचे एक जिवलग मित्र होते, आमच्या समोरच्याच क्वार्टरमध्ये. दिवाळीचा फराळ, गणपती, मुलांच्या परीक्षा, सगळं एकत्र. दोघेही एकाच हँगरमध्ये. पण बाबांनी साहेबांना सांगून ठेवलं होतं की कंट्रोलच्या दुसऱ्या सहीसाठी आमची जोडी शक्यतो लावू नका.

"का? भांडण होतं?"

"अगं भांडण असतं तर बरं होतं. त्याचं काम मला माहीत होतं. सोन्यासारखं काम. म्हणून तर. ओळखीच्या माणसाच्या सहीवरून डोळा घसरतो."

मित्राला हे कळलं तेव्हा त्यांनी आठ दिवस अबोला धरला, असं आई म्हणते. नवव्या दिवशी स्वतःच आले आणि म्हणाले, मीपण आज तेच सांगून आलो.

मी इंजिनिअरिंग करून नाशिकच्या एमआयडीसीत क्वालिटीत लागले. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी, नाव सांगत नाही. तिथल्या प्रत्येक चेकशीटवर दोन रकाने होते, 'तपासलं' आणि 'पडताळलं'. दोन्ही रकाने एकाच पेनाने, एकाच हाताने, चहाच्या सुट्टीआधी भरले जायचे. ऑडिट जवळ आलं की मागच्या आठवड्याच्या कोऱ्या शीट्सचा गठ्ठा टेबलावर यायचा. "मॅडम, पडताळलंमध्ये तुमची सही तेवढी टाका." मी म्हटलं, जे मी बघितलं त्यावरच टाकीन. आवाज चढवला नाही, भाषण दिलं नाही. पुढच्या महिन्यात माझी बदली डिस्पॅचला झाली. तिथे खोके मोजायचे होते. खोके मोजायला दोन सह्या लागत नाहीत. दोन महिन्यांनी मी नोकरी सोडली.

घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं बाबा पाठ थोपटतील. ते म्हणाले, "नवीन ठिकाणी पगार किती कमी?" मी आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. आई आतून म्हणाली की रात्री त्यांनी दोनदा पाणी प्यायला उठून माझ्या खोलीचा दिवा बघितला.

बाबांनी आयुष्यभर विमानं तपासली, पण प्रवासी विमानात पाऊल ठेवलं निवृत्तीनंतर. ओझरहूनच दिल्लीला गेलो होतो. खिडकीजवळची, पंखामागची सीट मी मुद्दाम घेतली. धावपट्टीकडे जाताना वैमानिक स्टिक फिरवून बघतात, तेव्हा पंखावरचे एलेरॉन हलतात. लोक रील्स बघत होते, बाबा एलेरॉन. वर गेला, खाली आला, परत मध्ये. मग त्यांनी पट्टा ओढला आणि डोळे मिटले. ढगबिग काही बघितले नाहीत.

ओझरच्या आसपास राहणाऱ्याला विमान म्हणजे फक्त प्रवास नसतो. चाचणीची उड्डाणं आमच्या डोक्यावरूनच होतात. जून २०१८मध्ये एक सुखोई पिंपळगाव बसवंतजवळ वावी-ठुशीच्या शिवारात पडलं. ४ जून २०२४ला, लोकसभेचे निकाल येत होते त्याच दिवशी, दुसरं एक शिरसगावला. दोन्ही वेळा दोन्ही वैमानिक सीटसकट बाहेर पडले आणि वाचले. दोन्ही वेळा बाबा फोन घेऊन ओट्यावर बसून होते. जुने सहकारी एकमेकांना फोन करतात, विचारतात मात्र एकच, पोरं उतरली ना? मशीनबद्दल अजूनही बोलत नाहीत.

सुखोई काय, तेजस काय, किंवा त्या शनिवारची ए-३२० काय, स्टिक आणि पंख यांच्यात आता सलग रॉड नाही, तारांतून जाणारे विजेचे हुकूम आहेत. सुखोईत आणि तेजसमध्ये एकाऐवजी चार वाहिन्या असतात, एक बिघडली तर बाकीच्या तिला मतदानात हरवतात. बाबांना ही कल्पना फार आवडते. "चार जण तपासतात आणि एकाचीही दुसऱ्याशी ओळख नाही." मी म्हटलं, पण चौघांतही सॉफ्टवेअर एकाच टीमने लिहिलं असेल तर? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग एकच माणूस झाला की."

रविवारी सकाळी त्यांनी मला बातमी वाचून दाखवली, आपल्याकडची बहुतेक विमानं मुदतीत झाली.

नवीन कंपनीत मी लाइन दोनची शीट लाइन चारच्या माणसाने पडताळायची असा प्रस्ताव दिलाय. दोन्ही लाइनच्या सुपरवायझरांना तो आवडलेला नाही. एक म्हणतो, आमच्यावर विश्वास नाही का? दुसरा म्हणतो, त्याला आमच्या पार्टमधलं काय कळतं? दोघे एकाच गाडीतून सिडकोहून येतात, एकाच डब्यात जेवतात. सोमवारी यावर मीटिंग आहे. बाबांनी विचारलं, प्लांट हेडची सही पहिली असणार की शेवटची? मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ते म्हणाले, आधी ते ठरव.