फाईल कोणी धरून ठेवली आहे?

पुणे,
रविवार

चि. वैदेहीस,


आउटलुक उघडत नाही आणि त्याची फाईल दुरुस्त करणारं साधनही काम करत नाही, हे तू फोनवर सांगितलंस. समोर बसलेला मुलगा ‘फॉरमॅट मारू या’ म्हणत होता, तेही ऐकू आलं. त्याला आज थांबव. फोनवर एकेक बटण सांगताना गोंधळ होतो, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतोय. छापून घे, संगणकाशेजारी ठेव आणि याच क्रमाने जा.

मी इतकं बजावतोय त्याला कारण आहे. दाजींनी पेढीचं खातं पहिल्यापासून पॉप पद्धतीचं ठेवलं. अशा खात्यात मेल सर्व्हरवरून उतरून आपल्या संगणकावर येते. सर्व्हरवर प्रत ठेवायची असं सांगितलं, तरी ती 14 दिवसांनी काढून टाकायची हीच आउटलुकची मूळ मांडणी असते. म्हणजे सूतगिरण्यांशी ठरलेले दर, बिलट्या, कापडाच्या नमुन्यांवरून झालेली वादावादी, हे सारं आज जगात एकाच ठिकाणी आहे: त्या संगणकावरच्या पीएसटी नावाच्या एका फाईलमध्ये. आउटलुक उद्या पुन्हा टाकता येईल. ती फाईल गेली तर परत आणता येणार नाही.

आता साधनाकडे येऊ. त्याचं नाव स्कॅनपीएसटी. आधी एक ठरव: ते सापडतच नाही, की उघडतं पण फाईल घ्यायला नकार देतं? दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

सापडत नसेल तर घाबरू नकोस, ते स्टार्ट मेनूत दिसतच नाही. सी ड्राइव्हमध्ये प्रोग्राम फाइल्स, त्यात मायक्रोसॉफ्ट ऑफिस, त्यात रूट, त्यात ऑफिस16 असं आत जा. 2016 पासूनच्या आवृत्त्यांना, 2019, 2021 आणि वर्गणीच्या 365लासुद्धा, हाच 16 आकडा आहे. 2013ची आवृत्ती असेल तर ऑफिस15 बघ. तिथे नसेल तर शेजारच्या ‘प्रोग्राम फाइल्स एक्स86’मध्ये शोध, ऑफिस 32 बिटचं असलं की ते तिकडे बसतं. सापडलं, पण दोनदा क्लिक करूनही काहीच होत नसेल, तर ऑफिसच बिघडलेलं असू शकतं. कंट्रोल पॅनेलमधल्या प्रोग्रामच्या यादीत ऑफिस निवड, ‘चेंज’ दाब आणि ‘क्विक रिपेअर’ कर. तेवढ्याने भागलं नाही तर ‘ऑनलाइन रिपेअर’. त्याला इंटरनेट लागतं आणि वेळही जास्त जातो. या दोन्हींत मेलच्या फाईलला धक्का लागत नाही.

पण तू फोनवर जो संदेश वाचून दाखवलास, त्यावरून तुझी अडचण दुसऱ्या प्रकारची वाटते. खिडकी उघडते, फाईलचं नाव टाकतेस, ‘स्टार्ट’ दाबतेस आणि उत्तर येतं की फाईल दुसऱ्या प्रोग्रामच्या वापरात आहे. हा नकार योग्य आहे, आणि तो का येतो ते तू समजून घ्यावंस असं मला मनापासून वाटतं. 2010 साली मायक्रोसॉफ्टने या फाईलची रचना जाहीर केली. त्यामुळे आत काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे: सुरुवातीला एक शीर्षभाग, पुढे प्रत्यक्ष मजकुराचे तुकडे, आणि कुठला तुकडा कुठे आहे हे सांगणाऱ्या सूची. मेल आली की तुकडाही लिहिला जातो आणि सूचीही बदलते. मध्येच वीज गेली तर एक लिहिलं जातं, दुसरं राहतं, आणि मेळ बसेनासा होतो. स्कॅनपीएसटी तो मेळ पुन्हा बसवतं. त्याच वेळी दुसरा प्रोग्राम त्याच फाईलमध्ये लिहीत असेल, तर दोन मुनीम एकाच खतावणीत एकाच वेळी खाडाखोड करायला बसल्यासारखं होईल. म्हणून साधन थांबतं. त्याला बळजबरी करायची नाही. फाईल कोणी धरून ठेवली आहे, ते आपण शोधायचं.

बहुतेक वेळा ते आउटलुकच असतं. खिडकी बंद झाली तरी प्रोग्राम पडद्यामागे चालू राहतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘डिटेल्स’मध्ये आउटलुकची ओळ दिसते का बघ. दिसली तर लगेच ‘एंड टास्क’ करू नकोस. ‘प्रोसेसेस’मध्ये त्याच्या ओळीतला डिस्कचा आकडा बघत राहा. तो हलतोय तोवर काहीतरी लिहिलं जातंय. बराच वेळ शून्यावर राहिला, मग बंद कर. आउटलुक नसेल तर बाकीच्यांकडे वळ: बिलं मेलने पाठवणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, आणि विशेष म्हणजे डॉक्युमेंट्सची प्रत क्लाउडवर चढवणारा प्रोग्राम. 2010 पासूनचं आउटलुक पॉप खात्याची फाईल डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’मध्ये ठेवतं, त्यामुळे ती आपोआप या प्रोग्रामच्या तावडीत सापडते. त्याचं काम तात्पुरतं थांबव. एवढं करूनही सुटलं नाही तर संगणक ‘रीस्टार्ट’ कर आणि आउटलुकला हात न लावता पुढचं काम सुरू कर.

पुढचं काम म्हणजे प्रत. ती पीएसटी फाईल जशी आहे तशी बाहेरच्या डिस्कवर उतरव. स्कॅनपीएसटीच्या खिडकीतही दुरुस्तीआधी प्रत करण्याचा चौकोन असतो. त्यावर खूण राहू दे. पण ती प्रत त्याच डिस्कवर पडते, आणि डिस्कच आजारी असेल तर तिचा उपयोग नाही. कॉपी करताना मध्येच चूक दाखवली तर तिथेच थांब आणि मला फोन कर. मग प्रश्न डिस्कचा आहे, आउटलुकचा नाही.

प्रत झाली की दुरुस्ती चालव. फाईल मोठी असली की खिडकी ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ म्हणते. म्हणू दे, बंद करू नकोस. एकदा संपलं की पुन्हा चालव. चुका दाखवणं थांबेपर्यंत चालवत राहायचं. नंतर आउटलुक उघड. ज्या मेलचा पत्ता सूचीत लागला नाही, त्या ‘लॉस्ट अँड फाउंड’ या फोल्डरमध्ये सापडू शकतात, तेही चाळून बघ. साधन रचना सावरतं. जो मजकूर लिहिलाच गेला नाही तो आणू शकत नाही. तेव्हा शेवटच्या दिवसाची एखादी मेल मिळाली नाही, तर समोरच्या व्यापाऱ्याकडून पुन्हा मागवून घे.

तुझं स्वतःचं कंपनीचं खातं त्याच संगणकावर आहे, त्याची फाईल ओएसटी असते. ती सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते. ती बिघडली तर दुरुस्त करत बसण्यापेक्षा तिचं नाव बदलून आउटलुकला नवी बनवू देणं सोपं. फक्त ‘धिस कम्प्युटर ओन्ली’ लिहिलेले फोल्डर आधी बघून घे, कारण ते सर्व्हरवर नसतात.

सगळं सुरळीत झालं की दोन गोष्टी कायमच्या कर. नव्या आवृत्त्यांत पीएसटीची मर्यादा 50 जीबी आहे, पण तिथवर जायची वाट बघू नकोस. दरवर्षी 31 मार्चनंतर जुन्या वर्षाची मेल वेगळ्या फाईलमध्ये काढ आणि तिची प्रत घरी ठेव. आणि संध्याकाळी मेन स्विच पाडण्याआधी आउटलुक बंद करून टास्क मॅनेजरमध्ये एक नजर टाकायची, हे पेढीतल्या प्रत्येकाला सांग. यूपीएसची बॅटरी उतरली असेल तर तीही बदलून घे.

त्या मुलाला हे सगळं करताना शेजारी बसव. तो मेहनती आहे, त्याला फक्त कोणी कारण सांगितलेलं नाही. उद्या गावातल्या दुसऱ्या कुणाच्या पेढीत हाच नकार समोर आला, तर त्याने फॉरमॅटची सीडी काढण्याआधी प्रत काढावी, एवढं त्याला कळलं तर दाजींबरोबर इतरांचीही मेल वाचेल.

ताईला नमस्कार सांग. काम झालं की मला कळव.

तुझा,
मामा