चहा न घेणारा गव्हर्नर

पुण्याच्या भुसार बाजारात चाळीस वर्षे अडतीचा व्यवसाय केलेले एक श्रावक 2007 च्या हिवाळ्यात नातवाच्या जन्मानिमित्त अमेरिकेत मुलाकडे गेले होते. घरात आणि बाजारातही सर्वजण त्यांना भाऊ म्हणत. मुलगा बोस्टनजवळच्या एका लहान गावात स्थिरावलेला, आता तेथील नागरिकही झालेला. डिसेंबरात तेथे साडेचारच्या आतच सूर्यास्त होतो. त्यामुळे चौविहार सांभाळणे सोपे, पण संध्याकाळ घालवणे अवघड. सामायिक आटोपले, की भाऊ दूरदर्शनसमोर बसत आणि मुलाला एकेका बातमीचा अर्थ विचारत.

त्या दिवसांत एकच चेहरा वारंवार दिसे. मॅसॅच्युसेट्स राज्याचे माजी गव्हर्नर मिट रॉम्नी रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होते. गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील नियुक्त राज्यपाल नव्हे. तो लोकांनी निवडून दिलेला राज्याचा कारभारी, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा. मुलाने त्यांची हकीकत सांगितली. 1984 मध्ये भागीदारांसह स्थापन केलेली गुंतवणुकीची पेढी भरभराटीस आणली. सॉल्ट लेक सिटीचे 2002 चे हिवाळी ऑलिम्पिक लाचखोरीच्या आरोपांनी अडचणीत आले असताना त्याची धुरा घेऊन ते पार पाडले. गव्हर्नर असताना 2006 मध्ये राज्यातील जवळजवळ प्रत्येकाला आरोग्य विम्याच्या कक्षेत आणणारा कायदा केला. वडील जॉर्ज रॉम्नी हेही मिशिगनचे गव्हर्नर होते.

“आणि भाऊ, हे गृहस्थ दारू, सिगारेट तर नाहीच, चहा-कॉफीही घेत नाहीत,” मुलगा म्हणाला.

भाऊ सावरून बसले. “कोणत्या धर्माचे?”

“मॉर्मन.”

हा शब्द भाऊंनी प्रथमच ऐकला होता. हळूहळू माहिती मिळत गेली. 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी स्थापन केलेला हा पंथ. अनुयायी स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण बायबलच्या जोडीला त्यांचे स्वतःचे धर्मग्रंथ आहेत. त्यामुळे इतर ख्रिस्ती पंथांपैकी अनेकांना ते आपले वाटत नाहीत. उत्पन्नाचा दहावा हिस्सा धर्मकार्याला देण्याचा त्यांचा नियम आहे. महिन्यातील एका रविवारी दोन वेळचे जेवण वर्ज्य करून त्याचा खर्च गरिबांसाठी द्यायचा. स्थानिक मंडळाचा कारभार वेतन घेणारा पुरोहित पाहत नाही. नोकरी-धंदा करणारे गृहस्थच पाहतात. स्वतः रॉम्नी यांनीही बोस्टन परिसरात अशी धर्मसेवा केली होती.

उपवास, दान, निर्व्यसनी आचार आणि धंद्यातील शिस्त! भाऊंना हे सारे ओळखीचे वाटले. “मग याला मत द्यायला अडचण काय?” असे त्यांनी विचारले.

अडचण होती, आणि ती आकड्यांत मोजलेली होती. आपल्याच पक्षाने मॉर्मन धर्माचा सुयोग्य उमेदवार दिला, तर मत द्याल का, हा प्रश्न गॅलप संस्था अमेरिकनांना पूर्वीपासून विचारत आली होती. 1967 मध्ये, जॉर्ज रॉम्नी अध्यक्षपदाच्या तयारीत असताना, शेकडा 17 जणांनी ‘नाही’ म्हटले होते. चाळीस वर्षांनी, 2007 मध्ये, मुलाच्या वेळी ‘नाही’ म्हणणारे शेकडा 24 निघाले. कृष्णवर्णीय, ज्यू किंवा कॅथलिक उमेदवाराबद्दलचा विरोध या काळात बराच ओसरला होता; मॉर्मनाबद्दलचा मात्र ओसरला नव्हता.

विरोध दोन्ही बाजूंनी होता. कट्टर प्रोटेस्टंटांना मॉर्मन हे खरे ख्रिस्ती वाटत नव्हते, तर धर्मापासून दूर असलेल्या उदारमतवाद्यांना ते नको तितके धार्मिक वाटत होते. पंथाने बहुपत्नीत्वाची प्रथा 1890 मध्येच अधिकृतपणे सोडून दिली होती, तरी लोकांच्या थट्टेतून ती गेली नव्हती. राज्यघटनेचे सहावे कलम कोणत्याही सार्वजनिक पदासाठी धर्माची परीक्षा घेण्यास स्पष्ट मनाई करते. परंतु ते कलम सरकारला बांधते. पडद्याआड एकट्याने खूण करणाऱ्या मतदाराच्या मनाला नाही.

6 डिसेंबर 2007 रोजी रॉम्नी यांनी टेक्सासमध्ये श्रद्धा या विषयावर भाषण केले. निवडून आलो तर आपल्या चर्चचे अधिकारी राज्यकारभारात ढवळाढवळ करणार नाहीत, पण मते मिळवण्यासाठी आपण पूर्वजांचा धर्मही नाकारणार नाही, असा त्याचा आशय होता. जॉन केनेडी यांनी 1960 मध्ये ह्यूस्टन येथे प्रोटेस्टंट धर्मोपदेशकांसमोर केलेल्या भाषणाची साऱ्यांना आठवण झाली. 1928 मध्ये अल स्मिथ हे कॅथलिक गव्हर्नर पराभूत झाले, तेव्हा त्यांचा धर्म हा प्रचारातला मोठा मुद्दा होता. बत्तीस वर्षांनी केनेडी थोड्या फरकाने का होईना, पण निवडून आले. मात्र कॅथलिक संख्येने पुष्कळ होते. मॉर्मन अमेरिकेत शेकडा दोनच्या आसपास.

शेजारचे एक वृद्ध गृहस्थ अधूनमधून भेटत. भाऊंनी मुलाकरवी त्यांचे मत विचारले. ते म्हणाले, “माणूस चांगला आहे. माझी काही हरकत नाही. पण लोक त्याला मत देणार नाहीत, मग मी माझे वाया का घालवू?”

हे वाक्य ऐकताच भाऊंच्या मनात काहीतरी सलले. पण ते काय, हे लगेच उमगले नाही.

पुढच्या रविवारी मुलगा त्यांना नॉरवूडच्या जैन केंद्रात घेऊन गेला. एका जुन्या चर्चच्या वास्तूत तीर्थंकरांच्या मूर्ती विराजमान झालेल्या पाहून भाऊंचे डोळे भरून आले. परतताना बेलमाँट गावी मॉर्मनांचे मंदिर रस्त्यावरून दिसले. शिखरावर सोनेरी देवदूत. ते मंदिर 2000 मध्ये उघडले, तेव्हा शिखराविना. कारण शेजाऱ्यांनी उंचीवर हरकत घेऊन न्यायालयात धाव घेतली होती. 2001 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंदिराच्या बाजूने निकाल दिला आणि मग शिखर चढले. मंदिराला शिखर हवे की नको, हे शेजाऱ्यांनी ठरवायचे, ही कल्पना भाऊंना विचित्र वाटली. मुलगा हसून म्हणाला, “रॉम्नींचे घर याच गावात आहे.”

त्या रात्री मुलाने मनातली गोष्ट काढली. गावच्या शाळा समितीची निवडणूक वसंतात होती आणि काही पालक त्याला उभे राहण्याचा आग्रह करत होते. हिशेबात तो चोख, मुलांच्या शिक्षणाची तळमळ असलेला. पण सूनबाई साशंक होत्या. “जैन म्हणजे काय, हेच सांगत बसावे लागेल. शाळेतल्या जेवणाबद्दल काही बोललात, तर म्हणतील, आपला धर्म आमच्या मुलांवर लादतो. गव्हर्नर झालेल्या माणसाला जे चुकत नाही, ते आपल्याला चुकेल का?” एका मित्राने तर सुचवले होते की पत्रकात धर्माचा उल्लेखच नको, विचारले तर नुसते ‘भारतीय’ म्हणावे.

भाऊ बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. ती त्यांनी आजवर घरात कोणालाही सांगितली नव्हती.

वीस वर्षांपूर्वी बाजारातील एका पतसंस्थेच्या संचालकपदासाठी पॅनेल ठरत होते. मिरचीचे एक ठोक व्यापारी, धर्माने मुस्लिम, त्यांचे नाव पुढे आले. त्यांचा शब्द म्हणजे हुंडी, अशी बाजारात ख्याती. वसुलीचा अभ्यास दांडगा. कोणीही त्यांच्याविरुद्ध बोलले नाही. भाऊच बोलले होते, तेही विरोध म्हणून नव्हे: “माझी हरकत नाही, पण आपले सभासद मानणार नाहीत. पॅनेल पडेल.” सर्वांनी माना डोलावल्या. नाव गळाले. त्या व्यापाऱ्यांच्या कानावर ते गेलेच असणार. पण त्यांनी कधी दाखवले नाही.

“तेव्हा मला वाटले, मी व्यवहार सांगितला,” भाऊ म्हणाले. “काल तो शेजारी तेच बोलला. माझेच वाक्य सातासमुद्रापार मला ऐकू आले.”

दुसऱ्याच्या मनातील दुराग्रहाचा हवाला देऊन आपला हात स्वच्छ ठेवता येतो, हेच या वाक्याचे विष आहे. ज्याने ते उच्चारले त्याला द्वेषाचा दोष लागत नाही आणि ज्याला वगळले त्याला भांडायला समोर कोणी सापडत नाही. प्रत्येकजण ‘लोकां’कडे बोट दाखवतो, आणि त्या लोकांत आपणही आहोत, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. अनेकान्त दुसऱ्याचा दृष्टिकोन समजून घ्यायला शिकवतो; दुसऱ्याच्या नावावर आपला दृष्टिकोन खपवायला शिकवत नाही.

मुलानेही मग एक प्रसंग सांगितला. 1893 च्या सप्टेंबरात शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली. तेथे महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची बाजू मांडली, हे प्रत्येक जैन घरात अभिमानाने सांगितले जाते. त्याच परिषदेचे मॉर्मनांना मात्र निमंत्रण नव्हते. त्यांचे प्रतिनिधी बी. एच. रॉबर्ट्स यांनी आग्रह धरला, तेव्हा मुख्य सभागृहाऐवजी बाजूचे एक लहान दालन देऊ केले गेले. त्यांनी ते नाकारले. नवल असे की, त्याच महिन्यात शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातील गायनस्पर्धेत मॉर्मनांच्या समूहगायकांनी दुसरे पारितोषिक मिळवले होते. गाणे चालले, गाणाऱ्यांची श्रद्धा चालली नाही. दूरदेशीच्या जैन धर्माला जे व्यासपीठ मिळाले, ते त्याच भूमीत जन्मलेल्या पंथाला मिळाले नाही. परका पाहुणा म्हणून गोड वाटतो. घरातला निराळा माणूसच डोळ्यांत खुपतो.

“तू उभा राहा,” भाऊ म्हणाले. “विचारले तर जैन आहे असे सांग. न विचारता सांगत फिरू नकोस, आणि विचारल्यावर लपवू नकोस.”

रॉम्नी यांनी फेब्रुवारी 2008 मध्ये माघार घेतली. आयोवातील पहिल्याच लढतीत बाप्टिस्ट धर्मोपदेशक राहिलेले माइक हकाबी त्यांच्यापुढे गेले होते. वसंतात मुलाची निवडणूक झाली. लोकांनी शाळेच्या गळक्या छपराविषयी विचारले, कराविषयी विचारले. धर्माविषयी एकाच बाईंनी विचारले, आणि उत्तर ऐकून पर्युषणाची माहिती मागून घेतली. तो थोडक्यात हरला, पण त्याची झोप उडाली नाही.

भाऊ पुण्याला परतले. त्या वर्षी संवत्सरीनंतर ते सर्वांना भेटून क्षमापना करत असताना एका संध्याकाळी मिरचीच्या त्या व्यापाऱ्यांच्या पेढीवर गेले. वीस वर्षांपूर्वीचे वाक्य जसेच्या तसे सांगितले आणि हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणाले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, वाक्य मला त्याच दिवशी कळले होते. तुमचे होते, हे आज कळले.” त्यांनी चहा मागवला नाही. सूर्यास्त होऊन गेला होता, आणि भाऊंचा चौविहार त्यांना कित्येक वर्षांपासून ठाऊक होता.

पतसंस्थेच्या पुढच्या निवडणुकीत भाऊंनीच त्यांचे नाव सुचवले. कोणीतरी नेहमीचे वाक्य उच्चारले. भाऊंनी विचारले, “सभासदांना आजवर विचारले आहे का कोणी?” ते निवडून आले. सभासद मानणार नाहीत, हे वीस वर्षे सर्वांना माहीत होते; फक्त सभासदांनाच माहीत नव्हते.

2012 मध्ये रॉम्नी यांना पक्षाची उमेदवारी मिळाली. गॅलपच्या त्या जुन्या प्रश्नाला तेव्हाही शेकडा 18 जण ‘नाही’ म्हणतच होते. तरीही, मॉर्मनाला मत देणार नाहीत असे ज्यांच्याविषयी वर्षानुवर्षे सांगितले गेले, त्या श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल प्रोटेस्टंटांपैकी सुमारे चार पंचमांश मतदारांनी त्यांनाच मत दिले. ते ओबामांकडून पराभूत झाले, तरी त्या पराभवाची चर्चा अर्थकारण, धोरणे आणि बोलण्यातील चुका यांभोवती झाली. चहा न घेण्याभोवती नाही.

भाऊंनी ती बातमी पुण्यात वाचली आणि मुलाला दूरध्वनी केला. “हरला ते ठीक,” ते म्हणाले. “पण हिशेब मांडून हरला. आधीच वजा केला गेला नाही.”