चढाची कैफियत

खानदेशाचा नकाशा पसरून पाहिला तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते, ती ही की या मुलखाला दोन भिंती आहेत. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि दोहोंच्या मधून, महाराष्ट्रातल्या बहुतेक थोर नद्यांच्या रिवाजाविरुद्ध, पश्चिमेकडे वाहणारी तापी. १८१८ साली हा मुलूख इंग्रजी अंमलाखाली आला, १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निराळा निघाला. पण दप्तरातल्या या साऱ्या उलाढालींत भिंती जागच्या हलल्या नाहीत, आणि सपाटीवरच्या माणसाने त्यांच्याकडे नेहमी सरहद्द म्हणूनच पाहिले. पिंप्राळ्यासारख्या, समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंचीवरच्या, जळगाव शहराने हळूहळू पोटात घेतलेल्या गावात ज्याची हयात गेली त्याला पाऊस उघडून हवा निवळली म्हणजे उत्तरेच्या क्षितिजावर सातपुड्याची निळी रेघ दिसते, तो ती पाहतो, ‘आज डोंगर उघडा आहे’ असे म्हणतो, आणि बाजाराची पिशवी घेऊन आपल्या कामाला लागतो.

उताराचे शास्त्र मात्र पिंप्राळ्याच्या पोराला लहानपणीच कळते, आणि ते डोंगराकडून नव्हे, आषाढी एकादशीच्या रथाकडून. रथ ओढायला सारे गाव पुढे सरसावते. ती भाग्याची गोष्ट, आणि भाग्यात वाटा कोणाला नको असतो? परंतु तो अजस्र लाकडी डोलारा अरुंद गल्लीत वळवणे आणि उतारावर थोपवणे हे काम मोजक्या जाणत्या माणसांचे असते, जी लाकडी मोगरी हातात घेऊन चाकांच्या अगदी निकट चालतात आणि नेमक्या क्षणी ती चाकाखाली सारतात. क्षण चुकला तर मोगरी फेकली जाते, आणि साधला तर एवढा मोठा रथ करकरत, किंचित शहारत, जागच्या जागी उभा राहतो. पुढे घाट उतरताना, सायकलचे रबरी गुटके कडीवर घासून तापले आणि दाबूनही दाब लागेना, तेव्हा मला त्या मोगरीवाल्यांचा मान किती रास्त होता याची मनोमन खात्री पटली.

ज्या सायकलवरून मी हा प्रदेश पाहिला ती शर्यतीची नव्हे. आपल्याकडे दूध, गवत, पेपर आणि धाकटा भाऊ ज्या काळ्या, ठोक, दांडीच्या सायकलवरून पिढ्यान्‌पिढ्या वाहिला गेला तीच. तिच्या पुढच्या चक्राला चौरेचाळीस दाते, मागच्या फ्रीव्हीलला अठरा, आणि चाक अठ्ठावीस इंची. हिशेब मांडला तर पायडलाच्या एका फेऱ्यात ती सुमारे अठरा फूट पुढे जाते. सपाटीसाठी हे प्रमाण अत्यंत न्याय्य आहे. मामुराबाद, विदगाव, मग तापीवरचा पूल, इथवर तिच्याविरुद्ध कोणाची काही फिर्याद असण्याचे कारण नाही. फिर्याद सुरू होते ती तापी ओलांडून धानोरा-अडावदच्या अंगाला लागल्यावर, आणि तीही अशा ठिकाणी की जिथे चढ नावाची वस्तू डोळ्यांना दिसतच नाही. दोहो बाजूंना केळीच्या बागा, रस्ता सरळ आणि सपाट, वारा पडलेला. तरीही मांड्या भरून येतात, वेग मरतो, आणि माणूस उतरून चाके चाचपू लागतो. असाच एकदा चाचपत असताना बागेच्या बांधावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारले, “काय भो, हवा कमी हाये का?” हवा पुरेशी होती. कमी होता तो माझा भूगोल.

सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगरातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांनी हजारो वर्षे दगडगोटे, वाळू आणि माती आणून टाकली, आणि त्या भरीचा एक लांबच लांब, अत्यंत मंद उतार डोंगरापासून तापीच्या दिशेने पसरला. पावसाचे पाणी या गोट्यांच्या पट्ट्यात मुरते, खालच्या गाळाच्या थरांत उतरते, आणि यावल-रावेर-चोपड्याची केळी त्या पाण्यावर उभी राहते. म्हणजे जो उतार सायकलस्वाराचा दम काढतो तोच खालच्या विहिरींना पाणी पुरवतो. विहिरी खोल गेल्या, कूपनलिका त्याहून खोल गेल्या, आणि मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसले जाणारे पाणी वाढले, ही गोष्ट आता तिथला प्रत्येक शेतकरी सांगतो. मोटारीत बसून जाणाऱ्याला हा उतार कळत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. इंजिन ती बातमी परस्पर दाबून टाकते.

खऱ्या घाटात ही एकचक्री सायकल काय करते? गणित सोपे आहे. डोंगरी रस्ता आखताना वीस फुटांत एक फूट चढ हे प्रमाण चांगले समजले जाते, आणि अशा रस्त्यावर अठरा फुटांच्या प्रत्येक फेऱ्याला स्वार, सायकल आणि पाठीवरची शिदोरी मिळून सारा ऐवज वीतभराहून थोडा अधिक वर उचलावा लागतो. एकदा उचलणे कठीण नाही, पण घाट म्हणजे तेच पुन्हा पुन्हा, वळणामागून वळण. फ्रान्समध्ये जी सुप्रसिद्ध सायकल शर्यत होते तिच्या चालकांनी कित्येक वर्षे दाते बदलणाऱ्या यंत्राला शर्यतीत मज्जाव केला होता. १९३७ साली ती बंदी उठली. तोवर पायथ्याशी उतरायचे, मागचे चाक काढायचे, उलट बाजूचे मोठे चक्र पुढे येईल असे ते फिरवून बसवायचे आणि मग पर्वत चढायचा, असा तिथल्या वीरांचा परिपाठ होता. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीतही बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ ही पदवी मिळते, आणि ती मिळवणाऱ्याच्या फुप्फुसांविषयी मला नितांत आदर आहे. तरी माझे मत विचाराल तर घाटाला राजाची गरज नसते. ज्याला रोज दूध घेऊन घाट चढायचा आहे तो पहिल्या कठीण वळणावर निमूटपणे खाली उतरतो, एक हात हँडलवर आणि एक सीटवर ठेवून सायकल ढकलू लागतो, आणि त्यात आपली काही मानहानी झाली असे त्याच्या स्वप्नातही येत नाही. पायडल मारणे आणि ढकलणे या त्याच्या लेखी एकाच प्रवासाच्या दोन चाली असतात. शहरातून येणाऱ्या, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घातलेल्या नव्या स्वारांना मी पाहिले आहे. ते उतरतात तेव्हा चेन बघण्याचे निमित्त करतात.

उतरून चालण्याचा खरा लाभ मला चाळीसगावच्या अंगाला झाला. जळगावहून तिथवर सायकल रेल्वेच्या लगेजच्या डब्यात टाकून न्यावी आणि पुढे कन्नडच्या वाटेला लागावे. या घाटाला औट्रम घाट म्हणतात. १८२५च्या सुमारास जेम्स औट्रम नावाचा एक तरुण लष्करी अंमलदार खानदेशात आला आणि त्याने धरणगावी भिल्लांची पलटण उभारली. ज्यांचा बंदोबस्त करायचा त्यांच्याच हाती बंदोबस्त सोपवण्याची ती तजवीज होती, आणि ती कंपनी सरकारला चांगलीच लाभली. साहेबाचे नाव डोंगराला चिकटले. ज्यांनी त्याची शिकार हाकली आणि त्याच्यापुढे वाट दाखवत चालले त्यांची नावे कोणत्याही वळणाला नाहीत. २०२१च्या ऑगस्टअखेर याच घाटात जागोजाग दरडी कोसळून रस्ता बंद पडला, पुढे न्यायालयाच्या हुकुमाने अवजड वाहनांना इथे मनाई झाली, आणि सायकल ढकलणाऱ्याला रस्त्याची कड पुन्हा मोकळी मिळाली. वाहतूकदारांची गैरसोय ती आपली सोय, हे कबूल करताना थोडा संकोच वाटतो इतकेच.

घाटाच्या पायथ्याशी आडवाटेने गेले की पाटणादेवी. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी प्रकाशात आणला, आणि त्यावरून असे कळते की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी १२०७ साली इथे मठ स्थापन केला. चढाच्या बुडाशी गणिताची पाठशाळा असावी हा योग मला फार मोलाचा वाटतो, कारण ‘लीलावती’त या घाटाचेच जणू एक उदाहरण आहे. शंभर हात उंच झाडावर दोन वानर बसलेले आहेत, आणि झाडापासून दोनशे हातांवर एक विहीर आहे. एक वानर झाड उतरून जमिनीवरून विहिरीपर्यंत चालत गेला; दुसरा झाडावरून काही उंच उडाला आणि तिथून कर्णाच्या वाटेने थेट विहिरीपाशी आला. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर दुसरा किती उंच उडाला? उत्तर पन्नास हात, आणि दोघांची वाट प्रत्येकी तीनशे हातांची. घाट ढकलत चढताना माझ्या मनात हे दोन वानर नेहमी असतात. खाली दरीत गुरांची जुनी पाऊलवाट सरळ अंगावर येते, वर डांबरी रस्ता सात ठिकाणी वळसे घेत लांबणीवर पडतो, आणि दोन्ही वाटा अखेर एकाच उंचीला पोहोचतात. आखूड वाटेने जाणारा एकदम धापा टाकतो, लांब वाटेने जाणारा तोच दम हप्त्याहप्त्याने भरतो, आणि उंचीच्या जमाबंदीत दोघांनाही सूट नाही.

माथ्यावर पोहोचल्यावर मात्र नवख्याची मोठी निराशा होते. इतके चढलो, आता पलीकडे उतार, अशा आशेने तो सायकलवर टांग टाकतो, आणि समोर कन्नडकडे जाणारा सपाट प्रदेश पसरलेला असतो. खानदेशातून जो डोंगर दिसतो तो पलीकडून डोंगर नाहीच. ती दख्खनच्या पठाराची कड आहे, आणि आपण पर्वत ओलांडला नसून ओट्यावर चढलो आहोत. सातपुडा असा नाही. खिरोद्यावरून पालकडे निघाले की एका रांगेमागे दुसरी रांग निघते, चढलेले सारे एखाद्या ओढ्याच्या पात्रात पुन्हा गमवावे लागते, सागाची पाने रस्त्यावर करकरतात, आणि पावरा व तडवी वस्त्यांतली मुले काही अंतर सायकलमागे धावून, मग दमून नव्हे तर आपली हद्द संपली म्हणून, थांबतात. इथे डोंगर आपल्याला आत घेतो. यावलचे अभयारण्य १९६९ साली जाहीर झाले, आणि त्या नात्याने वाटेत वनखात्याचा तपासणी नाका लागतो.

नाक्यावरच्या तरुणाने नोंदवही पुढे ओढली, माझे नाव, गाव, वेळ लिहिली, आणि लेखणी पुढच्या रकान्यावर अडली.

“गाडीचा नंबर?”

“सायकल आहे, दादा.”

“ते दिसतंय, काका. पण रकाना मोकळा सोडता येत नाही ना.”

मी त्याला सांगितले की एके काळी नगरपालिका सायकलवर कर घेई आणि पत्र्याचा नंबरी बिल्ला देई. तो असता तर आपल्या दोघांचीही अडचण भागली असती. बिल्ल्याची गोष्ट त्याने कधी ऐकली नव्हती. थोडा विचार करून त्याने रकान्यात ‘निरंक’ असे लिहिले, प्रयोजन विचारले, मी चढाचे नाव काढताच माझ्याकडे एकवार नीट पाहून ‘खाजगी काम’ अशी नोंद केली, आणि बाजूच्या फटीतून सायकल सहज निघाली असती तरी उठून, रीतीप्रमाणे, आडवा बांबू पुरता वर केला.