दोन मिलिमीटर आणि कोइमतूर

कोइमतूरला मी पहिल्यांदा गेलो तो गाडी पळवायला, आणि तीन दिवस गाडी जागची हलली नाही. ही त्या चाकांची गोष्ट.

गाडी म्हणजे आमची सेकंडहँड अबार्थ पुंटो. रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली, २०१५ मध्ये बाजारात आलेली, १४५ अश्वशक्तीची. दिसायला घरगुती हॅचबॅक, पण टर्बो घुमायला लागला की कुणाला खरं वाटत नाही. बेळगावात ती पळवायची कुठे? काँग्रेस रोडवर पळवली तर संध्याकाळपर्यंत घरी निरोप पोचतो. म्हणून करी मोटर स्पीडवेवरचा ट्रॅक-डे ठरला. ऑगस्ट महिना होता. धाकटी बहीण म्हणाली, मीपण येणार.

निघण्याआधी मी एक ‘सुधारणा’ केली. कंपनीचे रिम १६ इंची, त्यांवर १९५/५५ आर १६ टायर. मला हवे होते १७ इंची, कारण फोटोत तेच शोभतात. एका दुकानदारानं २१५/४५ आर १७ टायरसकट संच दाखवला आणि आकडेही पटवून दिले. ते आकडे चुकीचे नव्हते. टायरवरचा पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे त्या रुंदीच्या किती टक्के उंचीची भिंत. तिसरा रिमचा व्यास, इंचांत. १९५ चे ५५ टक्के म्हणजे १०७ मिमी. ती भिंत वर एकदा, खाली एकदा, मध्ये १६ इंच म्हणजे ४०६ मिमी. सगळं मिळून चाक ६२१ मिमी. नवीन चाक ६२५. फरक एक टक्कासुद्धा नाही, म्हणजे स्पीडोमीटरही जवळजवळ खरं बोलणार. मी खूश.

जे विचारायचं राहिलं ते पीसीडी. बोल्टांची छिद्रं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. पुंटोच्या हबवर चार बोल्ट ९८ मिमीच्या वर्तुळावर बसतात. बाजारातले चार बोल्टांचे बहुतेक रिम १०० चे. दुकानातल्या पोरानं पाना लावून दाबलं आणि ते बसले.

धारवाड, हुबळी, दावणगेरे. चित्रदुर्गाच्या पवनचक्क्या दिसू लागल्या तेव्हा ताशी ९० च्या वर स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवायला लागली. बॅलन्सिंग नीट केलं नसेल, असं मी म्हटलं. बहिणीनं मोबाइलवर गाणं मोठं केलं. तुमकूर, बंगळूर, होसूर, सेलम. एकूण साडेआठशे किलोमीटर आम्ही त्या थरथरीवर काढले. आज तो रस्ता आठवला की मला तिचा सीटवर पाय दुमडून झोपलेला चेहरा दिसतो.

कोइमतूर पाहून वाटलं की कुणीतरी उद्यमबाग घेऊन तिला शहराएवढी मोठी केली आहे. पंप, मोटारी, वेट ग्राइंडर, गिरण्यांची यंत्रं, फाउंड्र्या. आमच्या घरी दोन पिढ्यांचं मशीनशॉप आहे, त्यामुळे कटिंग ऑइलचा वास आला की परकं गाव परकं राहत नाही. भाषा येत नव्हती, पण शेडच्या दारातून लेथ दिसला की बरं वाटायचं. स्पीडवे गावाबाहेर चेट्टिपाळयमला आहे. ज्यांचं नाव त्याला दिलंय ते एस. करिवर्धन इथलेच. परदेशी रेसिंग गाड्या परवडत नाहीत म्हणून मारुतीचं इंजिन घालून स्वस्त रेसिंग गाड्या इथेच तयार करणारा माणूस. १९९५ मध्ये विमान अपघातात गेला. ट्रॅक २.१ किलोमीटरचा, म्हणजे तसा लहान. सरळ धाव थोडी, वळणं एकामागून एक, आणि त्या दिवसांत पालघाटच्या खिंडीतून येणारा वारा सतत कानात.

ट्रॅकवर सोडण्याआधी गाडी तपासतात. तपासणारे गृहस्थ पन्नाशीचे, हातात फक्त पाना आणि टॉर्च. त्यांनी पुढचं चाक हलवून पाहिलं, एक बोल्ट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. बोल्टाच्या शंकूसारख्या बैठकीची एकच बाजू घासून चकाकत होती. दुसरी बाजू तशीच काळी. दोन मिमीच्या फरकामुळे प्रत्येक छिद्र एक मिमी बाहेर, त्यामुळे बोल्ट पूर्ण टेकतच नव्हता. तो एका काठावर टेकून किंचित वाकून बसलेला, आणि असा बोल्ट वळणावळणाला सैल होत जातो. ते एवढंच म्हणाले, “नो ट्रॅक. नो हायवे ऑल्सो.”

बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं, “रिमची पीसीडी किती?” शंभर, मी म्हटलं. “आणि हबची?” मी गप्प. बाबाही गप्प. आम्ही मायक्रॉनवर भांडणारी माणसं. मग त्यांनी विचारलं, “धाकटी कुठाय?” इथेच आहे, म्हटलं. “गाडी जागची हलवू नको.” रागावले असते तर बरं झालं असतं.

जुनी चाकं त्यांनी पोत्यांत बांधून रात्रीच्या पार्सलला टाकली. तिसऱ्या दिवशी मिळाली. दरम्यान आम्ही पिटच्या कठड्यावर बसून दुसऱ्यांच्या गाड्या पाहत होतो, आणि खरं शिक्षण तिथं झालं. मोठ्या रिमांच्या गाड्या सुंदर दिसत होत्या, पण वेळ चांगली लागत होती ती साध्या चाकांच्या, नीट टायरच्या गाड्यांना. रिम जेवढा मोठा तेवढा ओतीव धातू जास्त, आणि तोही परिघाकडे. इंजिनाला तो फिरवायला आणि ब्रेकना थांबवायला जास्त कष्ट. फोर्ज्ड रिम हलके आणि मजबूत, पण किंमत ऐकून मी खाली बसलो. स्वस्त ओतीव रिममध्ये आत ब्लो-होल असला तर तो बाहेरून दिसत नाही, हे तर आमच्याच धंद्यातलं. संध्याकाळी आमच्या आतल्या मडगार्डावर टायर घासल्याची खूण बहिणीला सापडली. म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं, तो ऑफसेटही चुकला होता.

सतरा इंची संच मी विकला नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीवर तो बसवला जाईल ही कल्पना सहन होईना. शेडमध्ये पडून आहे.

जानेवारीत पुन्हा गेलो. कंपनीचेच १६ इंची रिम, टायर २०५/५० आर १६. चाकाची उंची ६११ मिमी, म्हणजे दीड टक्का कमी. स्पीडोमीटर थोडा फुशारकी मारतो, आणि गाडी जेमतेम पाच मिमी खाली आली, पण गिअर तेवढेच आखूड झाल्यासारखे वाटतात आणि या ट्रॅकवर तेच हवं. भार पेलायचा निर्देशांक ८७, जुन्या टायरएवढाच, म्हणजे चाकामागे ५४५ किलो. त्याच रिमवर चालतात, नवं काही जोडावं लागत नाही. अगदी मऊ, जवळजवळ बिनखाचांचे ट्रॅकचे टायर घ्यायचा मोह झाला होता. पण आमची गाडी ट्रॅकवरून त्याच चाकांवर बेळगावला परत येते, वाटेत पाऊस लागू शकतो. म्हणून मध्यम मऊ, खाचा असलेले घेतले.

त्या दिवशी बहिणीनं शाळेतला खडू आणला होता. टायरच्या खांद्यावर रेघा ओढायच्या, पाच फेऱ्या मारून यायचं आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते पाहायचं. भिंतीवर फार खालपर्यंत पुसली तर हवा कमी. थंड असताना ३२ पीएसआय होती, आत आल्यावर पुढच्या चाकांत ३८. पुढचीच चाकं ओढणारी, वळवणारी, आणि ब्रेकचा बहुतेक भारही त्यांच्यावरच. त्यांची तक्रार आधी येणार. दोन पीएसआय सोडली, पुढच्या फेऱ्यांत टोक सुटायचं थांबलं. प्रत्येक फेरीनंतर बोल्ट पान्यानं तपासायचं काम तिचं. मी सांगितलं नव्हतं.

परतताना हवा पुन्हा भरायला ती पंपावर उतरली, तेव्हा हाक मारून म्हणाली, “दादा, हे पाहिलंस का कधी?” मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, बाबांच्या मार्करनं पांढऱ्या शाईत लिहिलं होतं: ९८. चारही चाकांवर होतं. ऑगस्टपासून.