सुरतेचे आल्याचे पाणी

‘सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण’ अशी एक म्हण गुजराथेत प्रसिद्ध आहे. सुरतेस जाऊन आलेला मराठी पाहुणा ही म्हण पाठ करूनच परततो, आणि मग घारी, उंधियू, लोचो व थंडीतला पोंक यांची वर्णने करून घरच्या मंडळींच्या तोंडाला पाणी आणतो. म्हणीत जेवण आले, मरणही आले. पिण्याच्या जिन्नसांचा मात्र तीत उल्लेख नाही. ही उणीव आम्हांस खटकते, कारण या शहराच्या पेयांची कथा त्याच्या पक्वान्नांइतकीच रसाळ आहे. आजचा आमचा विषय त्या पेयांपैकी एक, आणि तोही अगदी साधा आहे: आले, साखर, लिंबू व पाणी यांपासून घरी करावयाचे फसफसते पेय. इंग्रज लोक त्यास ‘जिंजर बीअर’ म्हणतात. नावातील दुसऱ्या शब्दाकडे वाचकांनी तूर्त दुर्लक्ष करावे. त्याचा हिशेब पुढे करावयाचाच आहे.

वसई-पालघरकडील आपल्या कुटुंबांना सुरत परकी नाही. मुंबई सेंट्रलपासून ती २६३ किलोमीटर. घोलवड मागे पडले की स्टेशनांवरील पाट्यांची लिपी बदलते. वापी, वलसाड, नवसारी अशी गावे ओलांडीत गाडी तापीकाठच्या या गजबजलेल्या नगरीत येऊन पोहोचते. येथे मराठी कानांवर पडावयास फार हिंडावे लागत नाही. उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून कापडधंद्यासाठी आलेली हजारो कुटुंबे राहतात, आणि तेथील गल्ल्यांतून अहिराणी खुशाल ऐकू येते. शिवाजी महाराजांनी १६६४ व १६७० अशी दोनदा सुरत लुटली, हे शाळेत आपण सर्वांनीच वाचलेले असते. पहिल्या लुटीच्या वेळी तेथील कपुचिन धर्मगुरू फादर अँब्रोझ यांच्या मठास महाराजांनी उपद्रव होऊ दिला नाही, अशी नोंद बर्निये या फ्रेंच प्रवाशाने करून ठेवली आहे. शाळेच्या पुस्तकात ती सहसा आढळत नाही, म्हणून येथे सांगितली.

इंग्रजांची वखार १६१३ च्या सुमारास येथे स्थिरावली. घरदार सोडून आलेल्या त्या व्यापाऱ्यांनी संध्याकाळी काय प्यावे? १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो नावाच्या जर्मन प्रवाशाने ते लिहून ठेवले आहे: कडक दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांचे मिश्रण. हेच ते ‘पंच’. पाच जिन्नस पडतात म्हणून हिंदुस्थानी ‘पंच’ या शब्दावरून हे नाव आले, असे फ्रायर या इंग्रज डॉक्टराने त्याच शतकात लिहिले. हे पेय पुढे युरोपभर पसरले. पिणाऱ्यांपैकी कितीजण परत मायदेशी गेले, हे पाहावयाचे असेल तर कतारगाम दरवाजाजवळील इंग्रजांच्या जुन्या कबरस्तानात जावे. तेथील घुमट पाहून मन थक्क होते, आणि थोडे खिन्नही होते.

इंग्रजांप्रमाणे डच लोकांचेही कबरस्तान येथे आहे. त्यातील सर्वांत भव्य कबर हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे या अधिकाऱ्याची. आमच्या विषयाशी या डच साहेबाचा संबंध थेट आल्याचा आहे. कोचीन येथे असताना त्याने मलबारातील वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करविला. इट्टी अच्युतन हे केरळी वैद्य, रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य, आणि फादर मॅथ्यू हे कार्मेल संघाचे इटालियन धर्मगुरू, इतक्या निरनिराळ्या लोकांचे हात त्यास लागले आहेत. १६७८ च्या पहिल्या खंडात त्या तिघा वैद्यांचे कोंकणी भाषेतील प्रशस्तिपत्र चक्क नागरी अक्षरांत छापलेले आहे! व्हान ऱ्हेडे १६९१ च्या डिसेंबरात सुरतेकडे येत असता जहाजावरच वारला व येथे त्यास माती मिळाली. ज्या अकराव्या खंडात आल्याचे झाड ‘इंजी’ या मलबारी नावाने आले आहे, तो खंड त्याच्या मृत्यूनंतर १६९२ साली बाहेर पडला. एवढ्या मोठ्या घुमटाखाली निजलेल्या त्या माणसाच्या हाती आपले आले छापून काही आले नाही.

इतिहास पुरे. आता बाजारात येऊ. उन्हाळ्यात सुरतेच्या रस्त्यांवर सोड्याच्या दुकानांपुढे जी गर्दी होते ती पाहण्यासारखी असते. गळ्यात काचेची गोटी अडकविलेली बाटली आता आपल्याकडे विरळ झाली. ती हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ च्या सुमारास शोधून काढली. आतील वायूच्याच दाबाने गोटी वर येऊन तोंड बंद करते, निराळे बूच लागत नाही, ही तिची खुबी. सुरतेचे स्वतःचे असे बाटलीतले पेय म्हणजे ‘सोस्यो’. हजूरी कुटुंबाने १९२३ मध्ये सुरू केलेला हा धंदा स्वदेशीच्या लाटेवर वाढला. ‘सोबती’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव घेतले, असे सांगतात. २०२३ साली रिलायन्सने त्यात निम्मा वाटा घेतला. सोस्यो हे आल्याचे पेय नव्हे, फळांच्या चवीचे. पण बाटलीतला वायू यंत्राने भरलेला असतो हे ध्यानात ठेवावे, कारण आमच्या पेयात तो आपोआप उत्पन्न होतो, आणि सर्व भानगड तेथेच आहे.

आपल्या पंचक्रोशीतील एक भगिनी लग्न होऊन अनेक वर्षांपूर्वी सुरतेस गेल्या. नानपुऱ्याकडील त्यांच्या घरी आम्ही दोन दिवस उतरलो होतो. शेजारच्या एका पारशी आजींकडून त्यांनी ही विद्या मिळविली. ‘‘दह्याला जसं विरजण, तसं ह्याला आल्याचं विरजण, भाऊ,’’ असे म्हणून त्यांनी फळीवरची बरणी खाली घेतली. तोंडास पातळ फडके बांधलेले, आत गढूळ पिवळे पाणी आणि त्यावर बारीक बुडबुडे.

त्यांची रीत अशी. कोवळे, रसरशीत आले घ्यावे. आपल्याकडे ‘माहीम’ नावाची जात चांगली मिळते. नाव ऐकताच केळवे-माहीमची आठवण येते. आले धुवावे, पण सोलू नये, कारण ज्या सूक्ष्म जीवांनी काम करावयाचे ते सालीवरच असतात. उकळून गार केलेले कपभर पाणी बरणीत घेऊन त्यात एक चमचा किसलेले आले व एक चमचा साखर घालावी. रोज पुन्हा तितकेच आले, तितकीच साखर, आणि लाकडी चमच्याने ढवळणे. पाचव्या-सहाव्या दिवशी बरणी कानाशी नेली तर पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. विरजण तयार झाले. वर बुरशीचा केसाळ थर दिसला किंवा घाण वास आला, तर ते निमूटपणे मोरीत ओतावे.

मग दोन लिटर पाण्यात पाव किलोच्या निम्मे आले ठेचून व दोनशे ग्रॅम साखर घालून पाव तास उकळावे. पाणी कोमट झाल्यावर गाळावे, त्यात दोन लिंबांचा रस आणि अर्धा कप गाळलेले विरजण मिसळावे. कढत पाण्यात विरजण घातले तर ते मरते. हे दह्याला विरजण लावणाऱ्या भगिनींना आम्ही काय सांगावे! बाटल्या गळ्यापासून दोन-तीन बोटे रिकाम्या ठेवून भराव्यात. सुरतेच्या मे महिन्यात एक दिवस पुरतो, थंडीत तीन लागतात. त्यानंतर बाटली शीतपेटीत गेलीच पाहिजे.

बाटली प्लॅस्टिकची असावी, असा या बाईंचा आग्रह. वायू साठला की ती दगडासारखी टणक लागते, म्हणजे बोटाने दाबून आतली हकीकत कळते. काच बोलत नाही. त्यांच्याकडे पहिल्या वर्षी एक काचेची बाटली रात्री फुटली, तेव्हा स्वयंपाकघराच्या छतापर्यंत तुकडे उडाले होते. सुदैवाने सर्व निजलेले होते.

हे फसफसणे येते कोठून? ताडामाडाच्या गावात राहणाऱ्यास ते समजावून सांगण्याची गरज नाही. पहाटेची नीरा गोड, दुपारची ताडी आंबट व मादक. मडके तेच, झाड तेच. मध्ये काम करून जातात ते यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव. गोव्याचे पोदेर पाव फुगविण्यासाठी सूर घालीत; सुरतेत डच लोकांच्या भटारखान्याचा वारसा सांगणारी १८६१ पासूनची दोतीवाला बेकरीही ताडीने आंबविलेल्या पावासाठीच नावाजली. आल्याच्या विरजणाचा शास्त्रीय छडा १८९२ मध्ये मार्शल वॉर्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने लावला. (सिंहलद्वीपात कॉफीच्या पानांवरील तांबेऱ्याचा शोध करणारा हाच.) इंग्लंडातील घराघरांत शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जाणाऱ्या त्या विरजणाच्या गोळ्यांत एक यीस्ट आणि एक जिवाणू असे दोन जीव एकमेकांच्या आधाराने नांदतात, असे त्याने दाखविले.

आता तो हिशेब. यीस्ट साखर खाते व तिचे दोन पदार्थ करते: कार्बन डायऑक्साइड वायू आणि मद्य. वजनाने दोन्ही जवळजवळ सारखेच. म्हणजे बुडबुडे हवेत पण मद्य नको, असे म्हणून चालत नाही. ती जुळी भावंडे आहेत. चांगल्या फसफसत्या बाटलीत लिटरमागे पाच ते आठ ग्रॅम वायू असतो, तेव्हा मद्यही तितकेच, म्हणजे शेकडा अर्धा ते एक भाग उतरलेले असते. वर सांगितलेल्या प्रमाणात लिटरमागे शंभर ग्रॅम साखर पडते. ती सर्व आंबू दिली तर मद्य शेकडा सहा भागांच्या आसपास जाईल, म्हणजे ती खरोखरीची बीअरच. आणि वायू होईल सुमारे पंचवीस लिटर, जो एका लिटरच्या बाटलीत कोंडलेला असेल. स्वयंपाकघराच्या छताचे कोडे येथे उलगडते.

गुजराथ राज्य १९६० साली स्थापन झाले तेव्हापासून तेथे दारूबंदी आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदाच तेथे पुढे चालू राहिला. त्यामुळे बाटली फळीवर विसरणे हे तेथे केवळ आळसाचे काम राहत नाही. बंदी आहे म्हणून दारू मिळत नाही, असे मात्र कोणी समजू नये. २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली, २०२२ मध्ये बोटाद भागात चाळीसहून अधिक. ती मिथाइल अल्कोहोल या कारखान्यातील विषाची करणी होती. आल्याच्या बरणीत ते विष तयार होईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही.

पण या घरात भीती निराळी होती. यजमानांनी दारू सोडून नऊ वर्षे झाली आहेत. त्यापूर्वीची वर्षे कशी गेली, ते त्या बाईंनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. आपल्या गावांतील कोणत्या घराला ते सांगावे लागते? ज्याने व्यसन सोडले त्याला अर्धा भागही नको, असे डॉक्टरांनी बजावलेले. सवय सुटलेल्या माणसाला प्रमाणापेक्षा वास आणि चव अधिक ओढतात. म्हणून बाई दोन प्रकार करतात. विरजणाचे पेय कधीमधी, तेही नणंदेच्या घरी नेण्यापुरते. स्वतःच्या घरी मात्र पाव किलो आले, अर्धा किलो साखर व अर्धा लिटर पाणी उकळून गाळतात, चार लिंबे पिळतात, आणि तो पाक शीतपेटीत ठेवतात. पाहुणा आला की पेल्यात दोन-तीन चमचे पाक, चिमूटभर मीठ, वर कोपऱ्यावरच्या दुकानातला थंड सोडा. येथे आंबणे नाही, म्हणून मद्यही नाही; वायू यंत्राचा.

आम्ही दोन्ही चाखून पाहिले. खरे सांगावयाचे तर विरजणाच्या पेयाची चव अधिक खोल, किंचित ताकासारखी आंबूस, आणि जिभेवर रेंगाळणारी. पाकाचे पेय गोड, झणझणीत व सरळ. चवीच्या परीक्षेत पहिले उजवे ठरेल. तरी लहान मुलांच्या, गर्भवती भगिनींच्या आणि दारू सोडलेल्या माणसाच्या हाती आम्ही दुसराच पेला देऊ. पहिल्या पेयाला ‘आल्याचे सरबत’ म्हणून सणासुदीच्या पंगतीत फिरविण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. त्यात काय आहे ते पिणाऱ्यास आधी सांगावे.

यजमान संध्याकाळी कामावरून आले, हातपाय धुऊन ओट्यावर बसले आणि पाकाचा पेला एका दमात रिकामा करून म्हणाले, ‘‘सोडा जरा कमी पडला.’’ बाई उठून पुन्हा दुकानाकडे गेल्या.

निघताना त्यांनी आम्हांस विरजणाची छोटी बरणी देऊ केली, आणि गाडीच्या हिसक्यांत ती फार गाजेल म्हणून झाकण सैल ठेवण्यास सांगितले. आम्ही ती घेतली नाही. पाकाची बाटली मात्र पिशवीत उभी करून आणली. वापीपर्यंत तिला हाताने धरून बसावे लागले, पुढे बसावयास नीट जागा मिळाली.