बेटावरच्या आजीचं पुस्तक

माझ्या आजोबांची आजी मॉरिशसमध्ये जन्मली. राजापूर तालुक्यातलं एक जोडपं १८५०च्या दशकात मुंबई बंदरातून जहाजात चढलं, तिकडे उसाच्या मळ्यात राबलं आणि कराराची वर्षं भरल्यावर एक लहान मुलगी कडेवर घेऊन परत आलं. त्या मुलीच्या नातवाने कोकण सोडून आधी मुंबईतली गिरणी धरली आणि मग बुऱ्हाणपूरची ताप्ती मिल. तो नातू म्हणजे माझे आजोबा. या सगळ्याचा घरात एकही कागद नव्हता. बोलण्यातल्या खुणा मात्र होत्या. वडील साखरेला शेवटपर्यंत मोरसच म्हणाले. आणि आम्ही भावंडं लपंडावात राज्य घेताना 'एन, दे, त्र्वा, कात, सेंक' असं मोजायचो. बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या बाकीच्या मुलांना ती आमच्या घरची गंमत वाटायची. हे मॉरिशसच्या क्रिओल बोलीतले आकडे आहेत, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

मी सरकारी शाळेत हिंदी माध्यमातून इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर मराठीत कादंबरी लिहिली ती या आजीवर. लिहिताना हाताशी होता तो छापील इतिहास. १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी कायद्याने संपली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. त्याच्या आधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, 'अ‍ॅटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून ३६ माणसं घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. पुढे साडेचार लाखांवर माणसं तिथे उतरली. बहुतेक भोजपुरी मुलखातली, कलकत्त्यावरून गेलेली, काही मद्रासहून, आणि मुंबईहून गेलेल्यांत मराठी माणसं, रत्नागिरीची आणि साताऱ्याची. पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आलं नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. त्याला तिथे 'डबल कट' म्हणत. ज्या धक्क्यावर ही माणसं उतरवली, तो आप्रवासी घाट २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

इतिहासाच्या पुस्तकांतून मला आजीचा मळा मिळाला, तिथलं काम मिळालं, पण आजी मिळाली नाही. म्हणून कादंबरी. पाच वर्षांची पोर बोटीतून उतरून राजापूरला येते, सगळे तिला 'आपल्या गावी आलीस' म्हणतात, आणि तिचं गाव तर मागे राहिलेलं असतं. एवढंच मला सांगायचं होतं.

काही प्रकाशकांना हस्तलिखित पाठवलं. एकाने आपुलकीने उत्तर दिलं की मॉरिशसवर प्रवासवर्णन असतं तर विचार केला असता. मग मी स्वतःच छापायचं ठरवलं. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून आयएसबीएन विनामूल्य मिळतो, लेखक स्वतः प्रकाशक असला तरी मिळतो. छपाई जळगावात केली. १३ फर्मे, २०८ पानं, ३०० प्रती, किंमत ३०० रुपये. डीटीपी करणाऱ्या मुलाने मुखपृष्ठासाठी निळा समुद्र आणि नारळाची झाडं काढून आणली. त्याची मेहनत होती, पण मी ते घेतलं नाही. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांत माणसाचा क्रमांक, जहाज, बापाचं नाव, गाव, उंची, अंगावरची खूण असे रकाने असतात. तशा नोंदीचं एक कोरं पान मी मुखपृष्ठावर घेतलं: रकान्यांची नावं आहेत आणि पुढे काही लिहिलेलं नाही. पुढे पुस्तक हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हाच प्रश्न विचारायचा, "हे कुणाचं आहे?" आणि मग बोलणं सुरू व्हायचं.

प्रती घरी आल्यावर पहिल्यांदा कायद्याचं काम उरकलं. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते: कोलकाता, मुंबई, चेन्नई, दिल्ली. चारही पाकिटं मी स्वतः शिवली. कोलकात्याच्या पाकिटावर पत्ता लिहिताना माझा हात थांबला. ज्या बंदरातून साडेचार लाखांतले बहुतेक गेले, त्याच शहरात त्यांच्यातल्या एका मुलीचं पुस्तक कपाटात राहणार होतं, आणि ते कुणी मागितलं तर मिळणार होतं. मला त्याचं फार समाधान वाटलं.

विक्रीचं मात्र काही ठरलेलं नव्हतं. गावातल्या पुस्तकांच्या दुकानांचा धंदा शाळा-कॉलेजांवर चालतो, तिथे मराठी कादंबरीला जागा नव्हती. बुऱ्हाणपुरात मराठी घरं पुष्कळ आहेत. रावेर-भुसावळकडून आलेली आहेत, पेशव्यांच्या काळापासून राहिलेलीही आहेत. पण आमची नातवंडं हिंदी वाचतात. मराठी बोलायची, सणावाराची, आजीशी फोनवर बोलायची भाषा झाली आहे. प्रकाशनाच्या कार्यक्रमाला हॉल भरला, शाल-श्रीफळ झालं, पाहुण्यांनी मॉरिशसच्या निसर्गाचं वर्णन केलं. प्रती फार गेल्या नाहीत. पुष्कळांनी "ताई, भेट प्रत ठेवा ना" म्हटलं. मी भेट प्रत दिली नाही, आजही देत नाही. ज्याने पैसे मोजून पुस्तक घेतलं त्याने ते वाचलंच आणि वाचून मला फोन केला, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

नेपानगरला वाचन ठेवलं तेव्हा गोष्ट बदलली. नेपानगर म्हणजे वर्तमानपत्रांच्या कागदाचं गाव. १९५०च्या दशकात तिथल्या गिरणीत कागद निघू लागला आणि देशभरातून माणसं कामाला आली. श्रोत्यांत गिरणीतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी पुस्तक उघडण्याआधी पान दोन बोटांत धरून पाहिलं आणि कागद चांगला घेतला आहे म्हणाले. मी मळ्यावरचं एक प्रकरण वाचलं. लोक शांतपणे ऐकत होते, पण मन लागलेलं दिसत नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "तुमच्या घरातून कोण गेलं होतं? परत न आलेलं, किंवा आलं ते वेगळं होऊन आलेलं?"

त्यानंतर मला बोलायची गरज पडली नाही. काकांचा थोरला भाऊ १९५०च्या सुमाराला मुंबईला गेला तो पत्र न पाठवता राहिला. एका बाईंची आत्या लग्न होऊन आफ्रिकेला गेली, तिचा एक फोटो होता, तोही पुरात गेला. कुणाचे वडील बैतूलकडून जंगलातून चालत आले होते आणि आपलं मूळ गाव त्यांनी मुलांना सांगितलंच नव्हतं. रात्र झाली तरी लोक उठत नव्हते. त्या दिवशी नेलेली पुस्तकं संपली, आणि मला कळलं की या कादंबरीची ओळख मॉरिशसपासून करून द्यायची नाही. ऐकणाऱ्याच्या घरापासून सुरुवात करायची आणि बेटावर त्याला आपोआप पोचू द्यायचं.

बुऱ्हाणपूर त्यासाठी फार योग्य गाव आहे. इथे कुणी ना कुणी कुठून तरी आलेलंच आहे. फारुकी सुलतानांनी ताप्तीकाठी वसवलेलं, मोगलांचं दक्षिणेचं दार असलेलं हे शहर विणकरांच्या, व्यापाऱ्यांच्या, फौजांच्या येण्याजाण्यावर वाढलं. गावात आजही यंत्रमागाचा आवाज दिवसभर असतो, आणि ते माग चालवणाऱ्या अन्सारी घरांपैकी पुष्कळांचे पूर्वज उत्तर प्रदेशच्या पूर्व भागातून आलेले आहेत. हे मला पुस्तकांतून माहीत होतं. ते प्रत्यक्ष माझ्या दारात आलं ते नंतर.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे यंत्रमाग आहेत. त्याने मुलाच्या हातात माझं पुस्तक पाहिलं. मराठी कळत नाही, पण मलपृष्ठावरचं 'मॉरिशस' त्याला वाचता आलं. तो वडिलांना घेऊन घरी आला. वडील ऐंशीच्या पुढचे, उत्तर प्रदेशातल्या मऊकडचे. बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "बेटी, ये मारिशस वही मिरिच है क्या?" मी हो म्हटलं. भोजपुरी मुलखात मॉरिशसला मिरिच देश म्हणत, हे मी वाचलं होतं. कुणाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. ते म्हणाले, "हमारे परदादा के भाई मिरिच गए थे. दादी कहती थीं, कलकत्ते तक की ख़बर है, आगे की नहीं." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. माझ्या विद्यार्थ्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या घरात हे कधी बोललंच गेलं नव्हतं.

मी त्यांना आजीची गोष्ट हिंदीत सांगितली. आमचे आकडे मोजून दाखवले. जाताना त्यांनी तीनशे रुपये काढून ठेवले आणि पुस्तक घेतलं. मी म्हटलं, चाचा, हे मराठीत आहे. "रखने दो," म्हणाले, "घर में रहेगा." माझ्या सगळ्या प्रतींमध्ये त्या प्रतीची मला सर्वांत जास्त किंमत आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झालं. बुऱ्हाणपूरहून भुसावळ, जळगाव आणि पुढे सुरतच्या मार्गावर अमळनेर, आमच्यासाठी जवळचंच. साने गुरुजी जिथे शिक्षक होते त्या गावात आपलं पुस्तक घेऊन जायचं, याचा आनंद मोठा होता. ओळखीच्यांच्या टेबलाचा एक कोपरा मिळाला. एवढ्या पुस्तकांच्या गर्दीत नाव नसलेल्या लेखिकेचं पुस्तक कुणी शोधत येत नाही. मी टेबलाच्या मागे बसले नाही, पुढे उभी राहिले, आणि थांबणाऱ्याला पुस्तकाविषयी काही न सांगता नेपानगरचाच प्रश्न विचारला. धरणगावचे एक शेतकरी दादा मुलाला हाक मारून म्हणाले, "ये रे, ऐक, आपले सुरतवाले काका यांना सांगू." चोपड्याच्या एका शिक्षिकेने दोन प्रती घेतल्या, एक स्वतःला, एक अहमदाबादेत कायमच्या गेलेल्या बहिणीला. एक तरुण जोडपं मॉरिशसला लग्नानंतर जाऊन आलं होतं. समुद्र, हॉटेल, सगळं पाहिलं, पण तिथे मराठी शाळकरी मुलं आहेत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पुस्तक घेतलं आणि मुलगी म्हणाली, परत गेलो तर तो घाट बघू.

मराठी साहित्यव्यवहारात वितरक, कमिशन, ग्रंथालयांची खरेदी हे सगळं असतं आणि ते असायलाच हवं. तरी मला वाटतं, अशा पुस्तकाची खरी जागा लोकांच्या बैठकीत आहे. भिशीत, मंगळागौरीत, पेन्शनरांच्या कट्ट्यावर. तिथे मी गेले, बोलावलं नाही तिथे विचारून गेले. ताप्ती मिल २०२० च्या टाळेबंदीपासून बंद आहे. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत तिथल्या कामगारांच्या बायकांसमोर वाचलं, तेव्हा पाच रुपये महिना आणि डबल कट ऐकून एक वहिनी म्हणाल्या, "म्हणजे नाव बदललं, हजेरी तीच." मळ्यावरच्या मुकादमाचं प्रकरण इतकं नेमकं कुणी वाचलं नव्हतं.

ओळखीतून काही प्रती मॉरिशसलाही गेल्या. तिथे शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पहिलं पान वाचून पाठवलं. त्यांच्या उच्चारात क्रिओलची लय आहे. माझे आकडे त्यांनी दुरुस्त केले नाहीत, बरोबर आहेत म्हणाल्या, आणि मला रडू आलं. त्यांच्या खापरपणजोबांचं नुसतं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं, तसं तिथे पुष्कळांचं झालं आहे. नोंदवहीतलं गावाचं नाव इंग्रजी लिहिणाऱ्याने कानाला आलं तसं लिहिलं आहे. त्यांनी ते मला पाठवलं आणि विचारलं, हे रत्नागिरीतलं कुठलं गाव असेल? मी राजापूर आणि लांज्यातल्या माझ्या नातेवाइकांना कामाला लावलं आहे. दोन गावांवर संशय आहे. पावसाळा संपला की दोन्हीकडे जाऊन येणार आहे.

मराठीच्या थोड्याच प्रती उरल्या आहेत. दुसऱ्या आवृत्तीआधी हिंदी काढायची ठरवली आहे, भाषांतर मीच करते आहे. तयार झालेलं प्रकरण माझा विद्यार्थी माग बंद झाल्यावर रात्री वडिलांना वाचून दाखवतो आणि चाचांच्या सूचना सकाळी फोनवर येतात. जहाजातल्या जेवणाबद्दल त्यांच्या दादीने सांगितलेली एक गोष्ट त्यांना आठवली, ती त्यांना विचारून मी घेतली आहे. हिंदी पुस्तकाच्या शेवटी आठ पानं कोरी, नुसते रकाने आखून ठेवायची आहेत: नाव, बापाचं नाव, गाव, कधी गेलं, शेवटची ख़बर कुठली. डीटीपीचा मुलगा म्हणतो, यात अर्धा फर्मा वाढेल आणि किंमत वाढवावी लागेल. मी त्याला किंमत तीच ठेवायला सांगितली आहे आणि शेवटच्या रकान्याखाली माझा फोन नंबर टाकायला.