अणूच्या पोटात

सूतगिरणीत तिसरी पाळी. सकाळी खोलीवर आलो की झोपेआधी दोन पानं वाचतो. रद्दीतनं घेतलेलं एमएस्सीचं अणुकेंद्राचं पुस्तक. इंग्रजी अडतं, गणित त्याहून अडतं. सोबती म्हणतात, कवीमाणसा, ह्यानं पोट भरतंय का?

ऐका दोस्तांनो. अणू फुटत नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं. १९०९ साली मँचेस्टरला रदरफोर्डकडच्या गायगर आणि मार्सडेननं धातूच्या पत्र्यावर अल्फा कण मारले. मार्सडेन वीस वर्षांचा विद्यार्थी. सुमारे ८००० कणांतला एक उलटा फिरला. त्या उलट फिरणाऱ्यांनी १९११ साली अणूच्या पोटातलं केंद्र दाखवलं. पुढं १९६८ साली अमेरिकेत इलेक्ट्रॉन मारून बघितले, तर प्रोटॉनच्याही आत कण निघाले. क्वार्क. ह्या विद्येत कुणाचा शब्द शेवटचा नाही. ठोकून बघायचं, मग मानायचं. आपल्याला जन्मावरनं शेवटचं ठरवणाऱ्यांनी कधी ठोकून बघितलं?

कलकत्ता विद्यापीठाच्या एमएस्सीत हा विषय १९४० साली आला, तो मेघनाद साहांच्या पुढाकारानं. ढाक्याकडच्या खेड्यातल्या दुकानदाराचा पोरगा, खालची मानलेली जात. वसतिगृहात सवर्ण पोरांना त्याची पंगत चालत नव्हती. त्यानंच १९५० साली कलकत्त्यात अणुकेंद्राची संस्था उभी केली.

पंगत नाकारलेल्या माणसानं मांडलेला हा विषय आपण परका म्हणून सोडायचा? मोर्चे काढूच. पण वस्तीतल्या दहावीच्या पोरीला गणितही शिकवा. तिला पुढं ह्या वर्गात बसायचंय.